रिठी

तहसीलचे साहेब येणार म्हणून
ग्रामपंचायतीची भिंत पुन्हा रंगवायला काढली.
अक्षराला दोन रुपये, आकड्याला एक.
चुना सचिवांचा, शिडी माझी.

आधी जुना रंग खरवडला.
निळ्याखाली गुलाबी, गुलाबीखाली गेरू,
गेरूत अजून लोकसंख्या आठशे बारा
आणि कुण्या सरपंचाच्या नावातला
फक्त 'राव' उरलेला.

मग लिहीत गेलो.
गट ग्रामपंचायत पिपळडोह,
तहसील पारशिवनी, जिल्हा नागपूर.
नागपूर अठ्ठेचाळीस किलोमीटर:
मिरचीच्या गाडीला दीड तास,
बाळंतिणीला तीन.

पश्चिमेला झुडपी जंगल,
ज्यात झुडपं कमी, खटले जास्त.
पूर्वेला खाणीच्या मातीचा डोंगर.
माझ्या लग्नात तो नव्हता,
आता त्याच्यापायी चंद्र उशिरा निघतो.
दक्षिणेला नाला,
अर्धा आमचा, अर्धा बोरगोंदीचा;
पुरात पुरा आमचा,
उन्हाळ्यात कोणाचाच नाही.

वॉर्ड तीन, सदस्य सात, हातपंप नऊ.
"चालू किती, तेही लिहू का?"
सचिव म्हणाले, "नऊच लिही.
खोटं कुठे आहे, उभे तर आहेत."

गावांची नावं लिहिली: पिपळडोह, तेलनटोली.
ब्रश रॉकेलात बुडवला,
तर मागे सरपंचबाई.
रोहिणाबाई उईके,
काखेत घरकुलाची यादी,
टाचेला बांधीतला चिखल.

"गजबे पेंटर, तिसरं कुठं हाय?"
"कोणतं, बाई?"
"भोसा. गट तीन गावाचा हाय ना आपला?"

सचिव हसले. "ताई, भोसा रिठी आहे.
माणूस नाही, मत नाही, घरपट्टी नाही.
ते तलाठ्याच्या दप्तरात असते,
भिंतीवर नसते."

रिठी म्हणजे नाव आहे, नकाशा आहे, शीव आहे,
फक्त धूर नाही.
पोरपणी गेलो आहे मी तिथं, मोहफुलं वेचायला.
एक चिंच. पायऱ्या खचलेली विहीर.
मातामायचं ठाणं,
आणि जात्याची एक तळी, उपडी.
मानमोडीच्या साली उठलं म्हणतात.
कोतवाल सांगायचा,
चुली विझवायलाही कोणी मागं राहिलं नव्हतं.

"माह्या सासऱ्याचा आजा तिथचा," बाई म्हणाल्या.
"आखाडीले मी दिवा लावाले जातो,
तवा का मी दप्तरात जातो?
लिहा पेंटर. भोसा. लोकसंख्या शून्य."

"साहेब विचारतील, ताई."

"इचारू द्या.
हातपंपाचं त कोणी इचारत नाही."

शून्य सोपं वाटतं.
एकाला रेघ पुरते, आठाला कंबर असते,
तिथं हात जरा टेकवता येतो.
शून्यात ब्रश थांबत नाही.
जिथून निघाला तिथंच यायचं,
आणि जोड दिसू द्यायचा नाही.
दोनदा पुसलं.
तिसऱ्यांदा जमलं,
जरासं चपटं, चिंचोक्यासारखं.

साहेब आले. चहा घेतला,
भिंतीपुढे फोटो काढला.
फोटोत भोसा त्यांच्या खांद्याआड गेलं.
काही विचारलं नाही.

विचारलं ते बकऱ्या वळणाऱ्या पोरानं,
दुसऱ्या दिवशी, बोट ठेवून, ओल्या रंगावर:
"इथं कोणीच नाही, त नाव कोणासाठी?"
मी म्हटलं, बोट काढ आधी.
मग त्याला चिंचेकडची वाट दाखवली.
बकऱ्या अगोदरच तिकडे निघाल्या होत्या.

त्याच्या बोटाचा ठसा राहिला आहे शून्यात.
मी तो भरला नाही.

बिलातून सचिवांनी एक रुपया कापला.
"शून्याचे कसले पैसे?"

मी वाद घातला नाही.
बाकीचे अजून यायचे आहेत.