मुक्कामी गाडी

शाळेची व्हॅन होती ही. पिवळा रंग खरवडून
आम्ही पांढरा दिला, तरी दाराच्या सांध्यात पिवळं उरलंय,
आणि मागच्या काचेवर कुण्या पोरानं कर्कटकानं कोरलेलं
‘गणित नको’.
आज पहाटे त्या काचेतून दिवेआगरचा समुद्र पाहिला :
गणित नको, आणि त्याखाली लाटा.

रात्र सुरूच्या बनात काढली. बन म्हणायचं ते सवयीनं.
उभे आहेत ते मोजता येतात; आडवे झाले ते
केव्हाच चुलीत गेले. उपटल्या मुळांचे खड्डे तेवढे
अजून एकाच दिशेला तोंड करून.
श्रीपादनं त्यातल्याच एकात स्टोव्ह मांडला.
इथं वारा लागत नाही, म्हणाला.
खरंच लागला नाही. चहा लवकर उकळला.

वादळाचं नाव निसर्ग होतं.
इथं ते नाव कुणी घेत नाही.
‘वादळाआधी’ म्हणतात, ‘वादळानंतर’ म्हणतात,
जसं ‘आबा होते तेव्हा’.

उकिडव्यांच्या वाडीत पाणी भरायला थांबलो.
नव्या पोफळी. हात उंचावला की शेंडा लागतो.
सुपारी कधी धरेल?
‘दोन-तीन वर्षं. तोवर मी ब्याऐंशीचा.’
हे त्यांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं.
विकतची.
बाई आतून म्हणाल्या, पूर्वी भर दुपारी
स्वयंपाकघरात दिवा लागायचा, एवढी सावली.
आता ऊन पार फडताळापर्यंत येतं.
सून होऊन आले त्याला पन्नास वर्षं झाली,
आत्ता कळलं, फडताळ हिरवं आहे.
हसल्या. मग पदरानं त्याचं दार पुसलं,
आणि पुसतच राहिल्या.

बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवली.
आम्ही घरात, घर बोटीत, बोट खाडीत,
आणि श्रीपाद लोणच्याची बरणी शोधतोय.
शेजारी सुगंधा चोगले, रिकामी पाटी पालथी घालून बसलेली.
उघड्या दारातून तिनं सगळं निरखलं :
गादी, पडदा, खिळ्याला टांगलेली कढई.
‘बरा हाय तुमचा घर.
वादल आला की चालू करायचा नि पलायचा.’
मला काही बोलता येईना.
तिचे पत्रे त्या दिवशी कुठं गेले,
तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
बोट धक्क्याला लागता लागता तीच म्हणाली,
‘पन वारा आला त पयला तुमचाच उडल.
आमच्याला जोता तरी हाय.’
आणि पाटी डोक्यावर घेऊन, खूश होऊन, उतरली.

वेसवीपुढं एका परसात कोंबड्यांचं खुराडं,
वर पत्रा, पत्र्यावर निळ्या रंगात एकच अक्षर :
ळा.
वाऱ्याबरोबर आला, म्हातारा म्हणाला,
कुणी मागायला आलं तर देऊन टाकीन.
कुणी आलं नाही.
मग केळशीपर्यंत मी प्रत्येक शाळेची पाटी वाचत गेले.
सगळ्यांचे ळा जागेवर होते.
श्रीपाद म्हणाला, धर्मशाळा असेल. गोशाळा असेल.
किंवा केळीवाला. मी म्हटलं, त्यात ळा शेवटी नाही.
यावर आम्ही एक अख्खा घाट भांडलो.

पाडल्याच्या किनाऱ्याशी दिवस मावळला.
उतरलेला एक माड, वर झावळ्यांऐवजी नुसता सोट,
त्याच्यावर घार बसलेली. तिचं काही अडलेलं नाही.
भात, सुका जवळा, अर्धा कांदा.
भांडी वाळूनं घासली.

रात्री वारा सुटला. साधाच, रोजचा,
पण पत्र्याची गाडी अंगाखाली जराशी हलली.
श्रीपाद उठला. बॅटरी घेऊन बराच वेळ बाहेर.
पडक्या गडग्यातले चार चिरे आणून
त्यानं चारी चाकांना लावले.
आत आला, पाय झटकले.
‘सकाळी काढायची आठवण कर,
नाहीतर गाडी हलायची नाही.’
मी म्हटलं, झोप आता.