सीआरपी तीन

हामरफेस्टला नोव्हेंबरात सकाळचे आठ म्हणजे रात्रच.
तुर्गाइर बाही सारतो, शीर स्वतःच दाखवतो :
बावीस वर्षं जाळी ओढलेल्या हाताची,
दोरखंडासारखी.
सुई टोचताना तो खिडकीकडे बघतो,
नुसती मान नाही, अख्खं धड वळवून.

"या खेपेला तरी बोलेल का काही?"
कोण, ते विचारावं लागत नाही.
बी-सत्तावीस आहे, एवढं ते एकदा बोललं होतं,
पण ते तर इथे दर चार-सहा घरांआड,
माझ्यातही आहे,
आणि मी अजून वाकून बुटाची नाडी बांधते.

पहाटे चारला त्याच्या पाठीचं लाकूड होतं.
उठून स्वयंपाकघरात येरझारा घालतो,
बायको झोपेत पावलं मोजते.
चाललं की सुटतं, बसलं की धरतं.
बापाने शेवटची वीस वर्षं
स्वतःच्या बुटांकडे बघत काढली.
लोक म्हणत, दर्याने वाकवला.
त्याचं रक्त कुणी विचारलंच नाही.

दुपारी यंत्र आकडा देतं : तीन.
तीन म्हणजे काही नाही.
मी नळी पुन्हा लावते.
तीनच.

शेरा लिहिणं माझं काम नव्हे.
तरी फोन उचलते, डॉक्टर गुन्वोरना सांगते,
आकडा तीन आहे,
आणि माणूस कोट घालताना
भिंतीला धरून उभा होता.