मागील पीक

लिंबाची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या,
जणू कुणी नुसत्या रेघा आखून ठेवल्या
आणि मजकूर लिहायचा राहून गेला.
गोडबोलेबाई म्हणाल्या, ताक घाला.
इस्त्रीवाला म्हणाला, चहाचा चोथा.
मी दोन्ही घातलं.
झाड सगळ्यांचं ऐकून पिवळंच राहिलं.
शेवटी म्हटलं, मातीलाच विचारू.

प्रयोगशाळेतली शर्वरी लोंढे फोनवर भरभर बोलते,
मागे रांग असल्यासारखी.
बुंध्याशी नको, कंपोस्टच्या खड्ड्याजवळ नको,
भिंतीला लागून नको, नळाखाली नको.
नुकतं खत घातलंय? मग थांबा.
मी थांबले. मग हिशेब केला:
धायरीतल्या आमच्या रो-हाउसमागच्या बारा बाय अठरा फुटांत
एवढं टाळलं की उरते सतरंजीएवढी जागा.
तिच्यात नागमोडी चालून
पाच ठिकाणी खुरपं रोवलं.

आधी पाचोळा बाजूला. मग व्ही आकाराचा खड्डा, वीतभर खोल,
कडेची माती बोटभर जाडीनं वरून खाली खरवडायची.
तिसऱ्या खड्ड्यात निळ्या टाइलचा तुकडा.
चौथ्यात बाटलीचं झाकण.
पाचव्यात गांडूळ, त्याला माघारी धाडलं.

घमेल्यात सगळं कालवून
वर्तमानपत्रावर भाकरीसारखं थापलं,
बोटानं अधिकचं चिन्ह काढलं.
समोरासमोरचे दोन भाग टाकायचे,
उरलेले कालवायचे, पुन्हा चार भाग, पुन्हा दोन टाकायचे,
अर्धा किलो उरेपर्यंत.
एकतीस वर्षं टपालात सॉर्टिंगला होते मी,
पण टाकण्यासाठी वाटणी कधी केली नव्हती.
हात अडखळला. कुठले दोन?
कुठलेही, शर्वरी म्हणाली होती,
नीट कालवलं असेल तर सगळे सारखेच.

पोर्चमध्ये सावलीत तीन दिवस वाळवली.
शेजारच्या मांजरीचा तिच्यावर डोळा होता.
उशीच्या जुन्या अभ्र्याची पिशवी शिवली
आणि चिठ्ठी लिहायला बसले. हे आपलं काम.
नाव, पत्ता, पिनकोड ठसठशीत,
खोली, तारीख,
मागील पीक

इथे पेन थांबलं.

नाक्यावर हार्डवेअरच्या दुकानात दशरथ बेनकर बसतात.
आमची सगळी रांग त्यांच्या वावरात उभी.
वॉशर मोजता मोजता म्हणाले,
कांदा. त्याआधी हरभरा.
तुमच्या अंगाला पेरूची तीन झाडं, एक आतून लाल.
मी हातावरच लिहून घेत होते.
पण ताई, ती माती खाली गेली.
वरची दोन फूट ट्रकनं आली,
कुणाच्या तरी पायाच्या खोदाईतली.
किती खणलंत? वीतभर?
मग आमच्यापर्यंत पोचलाच नाहीत तुम्ही.
आणि त्यांनी वॉशर पहिल्यापासून मोजले.

चिठ्ठीवर मी लिहिलं: माहीत नाही.
खाली, लहान अक्षरात: कांदा, पण दोन फुटांखाली.

पंधरा दिवसांनी अहवाल आला.
सामू आठ पूर्णांक तीन. चुनखडी भरपूर.
सेंद्रिय कर्ब कमी.
शेवटच्या रकान्यात माझी चिठ्ठी जशीच्या तशी उतरवलेली,
कांद्यासकट, कुणी हसलं असेल तर तसं दिसत नव्हतं.
लोह मातीत आहे हो, शर्वरी म्हणाली,
चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही.
म्हणजे पत्र आलंय, पेटीची किल्ली नाही.
काय?
काही नाही, म्हटलं. शेणखत किती घालू?

ताक बंद केलंय. चहाचा चोथाही.
रविवारी दुकान मिटवून बेनकर पहार घेऊन येतायत,
लाल पेरूचं एखादं मूळ लागतंय का बघायला.
लिंबाला धक्का नको, मी बजावलंय.
त्यांनी विचारलं, येताना काय आणू?
मी म्हटलं, पहार आणताय ना, पुरे.