दोन मोटारी, एक लाइन

डॉक्टरांनी बिलाच्या पाठीवर काढलं तुझं हृदय,
पपईसारखं, जरा वाकडं.
बाण काढले. खोडले. पुन्हा काढले.
“यंत्र रक्त फिरवतंय, ते ठीक.
पण त्याचा जोर उलटा येतो दारावर,
दार उघडत नाही, आतलं आत साचतं,
मागे फुप्फुसात पाणी चढतं.
कळतंय का, नेहेते?”

कळतंय.
फैजपुरात चाळीस वर्षं वाइंडिंग करतोय.
तापीवरून केळीला जाणाऱ्या एकाच लाइनवर
पुंजू भंगाळेनं साडेसातच्या जोडीला पंधराची बसवली,
तेव्हा जुनी नुसती गुणगुणत राहिली.
फिरत होती, टाकत नव्हती.
तिचं पाणी तिच्याच पोटात घुसळून
एवढं तापलं की माझ्या तळव्याला फोड.
हिला बंद करू का, त्यानं विचारलं.
म्हटलं, बंद केली तर जाम होईल.
फिरू दे. थोडं सांडू दे.
पाना घेतला आणि पोटाशी
अर्ध्या इंचाची तोटी काढून दिली.

डॉक्टर पेन टेकवून माझ्याकडे बघत राहिले.
“तेच,” म्हणाले. “बारीक नळी आहे.
सांडलेलं वाया नाही जाणार, यंत्रालाच परत देऊ.”
सही केली. कागदाला ग्रीस लागलं.

जळगावात रात्री साडेतीनला चहा मिळतो,
फार गोड.
जावयाचा फोन आला सावद्याहून:
अकरा दिवसांची पोर
वाटी-चमच्यानं दूध घेते,
अर्धं हनुवटीवरून ओघळतं.
मी म्हटलं, ओघळू दे.

पहाटे आत सोडलं, दोन मिनिटं.
नळीतला गुलाबी फेस कमी झालेला.
मनगट धरलं तुझं. कोमट. ठोका नाही.
सिस्टर म्हणाली, घाबरू नका बाबा,
यंत्राचं रक्त सलग वाहतं, त्याला ठोका नसतो.
पडद्यावरची लाल रेघ
पाटाच्या कडेसारखी सरळ.

सायकल शिकवताना, बारावीला,
परवा लेबर रूमच्या दाराबाहेरूनसुद्धा
मी एकच ओरडत आलो: जोर लाव.
आज कानाशी वाकून म्हटलं,
नको लावू, माय.
वझं त्याले घेऊ दे. तू नुसती फिरत राह्य.

रेघेवर एक उंचवटा आला,
मुंगीएवढा.
सिस्टरला दाखवेपर्यंत गेला.

मी मोजायला उभा राहिलो.
पुढचा यायला वेळ लागत होता.
लागू दे.