तीनला गोल

रविनगर चौकात माझं झेरॉक्सचं दुकान.
कुठकुठल्या देशांचे कागद माझ्या काचेवर पालथे झोपतात.
पासपोर्ट, व्हिसा, बोनाफाईड, भाडेकरार.
आधी जन्मतारीख कळते, माणूस मागाहून.

चिकोंडी म्बेवे. मलावी.
आडनाव तीनदा चुकले.
चौथ्यांदा तीच म्हणाली, "ताई, म् गिळून टाका."
तेव्हापासून गिळते.

तिचं मराठी पुस्तकातलं:
"कृपया मला दोन प्रती मिळतील का?"
माझा आशू म्हणतो, "देऊन राहिलो ना मॅडम, थांबा जराक."
तिने वहीत लिहून घेतलं, देऊन राहिलो.
व्याकरणात हे सापडत नाही म्हणाली,
पण चौकात सगळे काही ना काही करूनच राहिलेत.

वर्षभरात तिचा भाडेकरार पाचदा आला,
पाचही वेळा घर वेगळं.
"फॅमिलीलाच देतो."
"व्हेज आहो आम्ही."
एकाने गॅलरीतूनच हात हलवला, गायीला हाकलावं तसा.
हे तिने सांगितलं नाही,
तिच्यासोबत आशू गेला होता.

एकदा कळमन्याहून पांढरा मका शोधून आणला तिने.
गिरणीवाला म्हणे, सगळ्यांची ज्वारी झाल्यावर.
दीड तास उभी.
बायका तिच्या वेण्या मोजत होत्या.
"दुखत नाही काय वं?"
"दुखतं. पहिल्या दिवशी."
सगळ्या हसल्या, तीही.
दुसऱ्या दिवशी मला म्हणाली,
आईचा न्सिमा घट्ट होतो, माझा इथे पातळ का?
गोरेवाड्याच्या पाण्याबद्दल मी काय बोलणार.

फोन माझ्या ओट्यावर बसून करते.
तिकडचं घड्याळ साडेतीन तास मागे,
इथे अंधार, तिथे अजून ऊन.
"न्दिली ब्वीनो, मायी. न्दिली ब्वीनो."
मायी मला कळलं.
उरलेलं आशूने मोबाईलवर शोधलं:
मी बरी आहे.
एका फोनमध्ये सात वेळा.

मे महिन्यात परमिटसाठी फोटो लागला.
पांढरा पडदा, लाईट, काढला.
आणि बोटांनी आपसूक केलं
ते बावीस वर्षं करतात ते:
उजेड थोडा वर, चेहरा थोडा साफ.
सगळ्यांचाच करते मी,
लग्नाच्या पोरींचा तर न विचारता.
ट्रेमध्ये आठ फोटो पडले.
तिने एक उचलून दाराच्या उजेडात धरला.

"ताई, ही कोण?"

कूलर घरघरत होता.
मी म्हटलं, मशीनचं काहीतरी झालं.
पुन्हा काढले, तिचेच.
पैसे नको म्हटलं,
तिने मोजून काउंटरवर ठेवले.
पहिले आठ अजून गल्ल्यात आहेत, नाण्यांखाली.

गेल्या आठवड्यात एक सर आले.
विदेशी विद्यार्थ्यांच्या ताणावर संशोधन.
दीडशे प्रती, पाठपोट.
"मला इथे परकं वाटतं": एक ते पाच.
"स्थानिक लोक मला समजून घेतात": एक ते पाच.
असे चाळीस.
भरून आले ते स्कॅनला, नावं नसलेले.
पण वयाच्या रकान्यात सत्तावीस,
आणि सातच्या पोटातून आडवी रेघ.
अशी सात एकटीच काढते.

सगळीकडे तीनला गोल.
झोप, तीन. जेवण, तीन. घरची आठवण, तीन.
मधल्याला कोणी थांबवून विचारत नाही.

शेवटी होतं, "आणखी काही सांगायचं आहे?"
चार ओळींची जागा.
तिथे लिहून खोडलेलं, गिचमिड, पेन रुतेपर्यंत.
वाचायचं नसतं मला.
काच पुसली, कागद ठेवला,
उजेड कमी कमी करत नेला,
या वेळी काळ्याकडे.

मराठीच होतं.
शेवटचे दोन शब्द तेवढे निघाले:
राहिली मी.

काय करून, ते खोडाखाली.