हातचा

दर गुरुवारी आम्ही तळघरातल्या लॉन्ड्रीत बसायचो,
कारण नोव्हेंबरात डंडीमध्ये फुकटची ऊब तेवढी तिथेच होती
आणि लायब्ररीत बोललं की लोक वळून बघत.
खिडकी फुटपाथच्या उंचीला.
तिच्यातून नुसते बूट दिसायचे, ओले,
आणि चार वाजताच दिवे लागलेला रस्ता.

मोराग ड्रायरवर कागद पसरायची.
ड्रायर थरथरायचा, तिचा एप्सिलॉनही.
तेमितोपे कानावर पेन्सिल खोचून
दर प्रश्नाला आधी ‘हे खोटं आहे’ म्हणायचा,
मग ते खरं ठरेपर्यंत भांडायचा.
हुस्ना ब्रॅडफर्डची, कमी बोलायची.
चूक दिसली की त्या ओळीवर बोट ठेवायची
आणि उचलायची नाही.

आणि मी, बार्शीचा, बोर्डात शंभरपैकी शंभर,
तीन आठवडे पाचवा प्रश्न कळला नाही
हे सांगायचं कसं, तेही न कळलेला.

प्रत्येक बिंदूला एक डेल्टा असतो.
एक डेल्टा असतो प्रत्येक बिंदूला.
मला दोन्ही वाक्यं एकच वाटत.
शब्द तेच, नुसती जागा हललेली.
व्याख्या मला पाठ होती,
आणि पाठ असणं म्हणजेच कळणं
असं मी धरून चाललो होतो, आजवर.

मोराग उठली. मशीनमधून माझेच मोजे काढले,
एक टेबलावर ठेवला. ‘याला जोडीदार आहे?’
आहे.
‘याला?’
आहे.
‘प्रत्येकाला?’
निळ्याचा हरवलाय, म्हणालो.
‘असेल कुठेतरी. म्हणजे प्रत्येकाला आहे.
आता मला असा एकच मोजा दाखव
जो या सगळ्यांचा जोडीदार आहे.’
मी हसलो. मग हसायचं थांबलो.
बाहेर कुणाची तरी छत्री उलटली असावी,
बूट जागच्या जागी गोल फिरले.

सहावा प्रश्न मी सोडवला. पहिल्यांदाच.
वाफ धरलेल्या काचेवर बोटाने लिहीत गेलो:
शून्य ते दोन, एक्सचा वर्ग,
डेल्टा घ्या एप्सिलॉन भागिले दोन.
अक्षरं खालून ओघळत होती, मी वरून बोलत होतो.
तिघांनी उतरवून घेतलं.
हुस्नाचं बोट शेवटून तिसऱ्या ओळीवर टेकलं
आणि, का कोण जाणे, उचललं गेलं.

सोमवारी चार कागद परत आले,
चौघांवर एकाच जागी तांबडा गोल.
डॉ. अर्कुहार्टनी आम्हाला खोलीत बोलावलं,
कागद पत्त्यांसारखे मांडले.
‘बरोबर उत्तरं सारखी असतात. चुका इतक्या सारख्या नसतात.
हा डेल्टा कुणाचा?’
मी तोंड उघडणार तोच हुस्ना म्हणाली,
‘दोनच्या जागी चार हवे होते. मला दिसलं होतं.’
मग बोलली नाहीस?
‘तो पहिल्यांदाच सोडवत होता.’
तेमितोपे म्हणाला, मला तर ते अजूनही खोटंच वाटतंय.

गुण गेले. पुन्हा लिहायला सांगितलं, एकेकट्याने.
‘विचार मिळून करा,’ बाई म्हणाल्या,
‘लिहिताना मात्र दारं लावून घ्या.’

जिन्यात मला तिसरीतल्या शिंगणेबाई आठवल्या.
या घरात मावत नाही ते हातचं धरा,
पुढच्या घरात द्या, आणि द्यायला विसरू नका.
हातचा म्हणजे काय, ते मोरागला सांगायला गेलो.
इंग्रजीत नुसतं वाहून नेणं उरलं, हात गळाला.
तिने माझं पेन घेतलं, तळव्यावर एक लिहिला,
मूठ मिटली
आणि हुस्नाला न विचारताच तिच्या मुठीला लावली.

पुढच्या गुरुवारी एक पहिल्या वर्षाचा पोरगा
धुतलेले कपडे काढून झाल्यावरही घुटमळत होता.
हुस्नाने खुर्चीवरची आपली पिशवी उचलली.

निळा मोजा अजून सापडलेला नाही.
मोराग म्हणते, तो आहे हे सिद्ध झालंय,
सापडणं हा वेगळा प्रश्न.