निवळ

पहाटे चारला एदुविहेसच्या गिरणीत
मक्याचं पाणी उपसतात.
चुन्यात शिजलेलं, पिवळं, बुळबुळीत,
रोज गटारात जाणारं.
मी दोन कॅन भरून घेते.
"हे कशाला गं नेतेस?"
भेगाळलेले हात एप्रनला पुसत ती विचारते.

एर्मोसियोत मे महिन्यात सावलीलाही चटका असतो.
बसमध्ये कॅन पायांत धरून मी,
आणि नाक दाबून खिडकीकडे सरकलेला कुणी.

प्रयोगशाळेत आधी गाळणं. मग आम्ल,
थेंब थेंब.
मग अल्कोहोल ओतलं की
नितळ पाण्यात धागेच धागे,
कुणी आत बसून कापूस पिंजत असल्यासारखे.
शिजूनही सालीनं जे सोडलं नव्हतं वाटतं,
ते कधीच सुटून पाण्यात आलेलं.

वाळवली तर जेमतेम ओंजळभर पूड.
ती पाण्यात विरघळवली,
बुरशीतून काढलेलं विकर घातलं.
या साखळ्यांना हात असतात म्हणे,
ते एकमेकांत गुंततात.
मी टक लावून बसले तोवर काही झालं नाही.
जेवून आले, नळी उलटी केली,
आणि ते पडलं नाही.

कोंड्याचा मांडा नव्हे,
नुसतं थरथरणारं, काचेला धरून राहिलेलं.

शनिवारी गिरणीत नेलं.
एदुविहेसनं नळी उलटी धरली,
टिचकी मारली.
"पडत नाही."
"नाही पडत."
"आणि तीस वर्षं मी..."

मी नको म्हणेपर्यंत
तिनं बोट बुडवून
अंगठ्याच्या भेगेत भरलंसुद्धा.